गुलछडीच्या नाकात काय होतं?

मशीननं आमच्या गुलछडी म्हशीला लाल बिल्ला दिला तेव्हा गुलछडी मजेत कडबा खात होती, आणि बिल्ला अडकवणारी माझी सख्खी बहीण होती.

"आक्का, काढ ते."

"स्वरे, बाजूला हो."

"काढ म्हणतोय न्हवं!"

"तू म्हणून काय हुतंय? मशीन म्हणालंय."

मी बादलीला लाथ घातली. बादली भरलेली होती. सगळं पाणी आक्काच्या ड्युटीच्या बुटात गेलं. तिनं बूट काढला, पाणी ओतलं, परत घातला आणि पचक-पचक करत पुढच्या गोठ्यात गेली. आमच्या घरात राग माझ्या वाटणीला आलाय आणि नोकरी तिच्या.

माझं नाव स्वरांजली. मी पोरगी आहे हे आधीच सांगतो, कारण कोल्हापुरात पोरीपण आलो-गेलोच म्हणतात आणि बाहेरगावचे लोक गोंधळतात. वय सतरा. शाळा नववीत सोडली. सायन्सच्या सरांनी फळ्यावर पेशी काढली, मी म्हटलं, सर ही कैरी दिसतीय. सरांनी वर्गाबाहेर काढलं. मी तिथनंच गोठ्यात आलो.

गुलछडी आण्णांची, म्हणजे वडलांची, म्हैस नाही, माझी. ती पारडू होती तेव्हा तिची आई गेली, आणि मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. तिच्या कानातल्या चिपमध्ये मालक म्हणून माझं नाव आहे. जात पंढरपुरी, शिंगं तलवारीसारखी लांब, पार पाठीवरनं मागं गेलेली. आणि पळायला अशी, की गेल्या पाडव्याला सगळ्यात पहिली आली.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. मालक पुढं मोटारसायकलवर, म्हैस मागं. दोरी नाही, काठी नाही. मालकाची हाक आणि गाडीचा आवाज, ह्यावर ती पळते. आता पेट्रोलच्या गाड्या बंद झाल्या. बॅटरीची गाडी शेजारनं गेली तरी कळत नाही. म्हणून आम्ही हँडलला स्पीकर बांधतो आणि जुन्या फटफटीचा आवाज लावतो. म्हशींना तोच कळतो. त्यांच्या आयांनी सांगून ठेवलं असणार.

वर्षभर मात्र आमचं पोट चौकातल्या दूध-कट्ट्यावर चालतं. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं राहतं, आणि समोर म्हैस पिळून फेसाळ दूध थेट ग्लासात. न उकळलेलं. मध्यंतरी ते बंदच होणार होतं, कारण कच्च्या दुधातनं जनावरांचा टीबी माणसात येतो. मग ही मशीन आली. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण तिला हत्तीसारखी रबरी नळी असल्यामुळं आम्ही तिला सोंडी म्हणतो. सोंडीनं म्हशीच्या नाकपुडीत कापसाचा बोळा फिरवायचा, बोळा पोटात घ्यायचा, आणि वीस मिनिटांत सांगायचं, हिरवा का लाल. हिरवा बिल्ला असेल तीच म्हैस कट्ट्यावर उभी राहणार. होळीला हे सुरू झालं. दिवाळीपर्यंत आमच्या गल्लीत लाल एकपण नव्हता.

त्या बुधवारी एका सकाळीत अकरा निघाले.

लाल म्हशीला दोन दिवसांत घेऊन जातात. शहराबाहेर एक बंद गोठा आहे, तिथं महिनाभर ठेवतात, मग परत तपासतात. रोग ठरला की इंजेक्शन. जनावराला औषध देत बसत नाहीत. महिनोन्‌महिने लागतात आणि तोवर ती आणखी दहा जणींना रोग देते. तिथनं परत आलेली म्हैस मी अजून बघितली नव्हती. गाडी शुक्रवारी सकाळी येणार होती. पाडवा शुक्रवारीच होता.

"मामाच्या उसात नेऊन बांधतो," मी दुपारी जेवताना आण्णांना सांगितलं. "गाडी येऊन गेली की परत आणतो."

आई भाकरी थापायची थांबली. आण्णांनी हात धुतला आणि शर्टाची कॉलर खाली ओढली. कानाच्या खाली, मानेवर, पांढऱ्या दोरीसारखा वण आहे त्यांना. मला वाटायचं शिंग लागलं असणार.

"नऊ वर्साचा हुतो," ते म्हणाले. "गाठी फुटल्या मानंला. वरीसभर गोळ्या. कुणाच्या दुधातनं आलं म्हाईत हाय? आपल्याच. तुज्या आज्ज्यानं सोता ग्लास भरून दिलता, पोरगं पैलवान व्हावं म्हणून."

त्यांनी कॉलर परत वर केली.

"तुजी म्हस हाय. लपीव. पण मग कट्ट्यावर ग्लास घिऊन जे पोरगं उभं ऱ्हाईल, त्येला तूच सांग."

ऊस तिथंच संपला.

संध्याकाळी आक्का ओसरीवर बूट वाळवत बसली होती. तिनं लॅबचा कोर्स केलाय, तपासणीच्या गाडीवर असते. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"मला नीट सांग. सोंडी हुंगती काय? आणि कैरी काढू नको."

आक्का शिकवायला लागली की तिचा आवाज बदलतो. "हे बघ. टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधतं. त्याला आत कोंडून टाकतं. आत साखर जवळजवळ नसतीच. असती ती चरबी."

"मग उपाशी मरू दे की."

"मरत नाही, चरबी खातो. पण नुसती खाऊन भागत नाही. चरबीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात आणि ते पेशीतल्या एका चक्रात जातात. समज, रंकाळा तळ्याला फेरी मारायचीय आणि वाटेत दोन नाके आहेत. एकेका नाक्यावर एकेक कार्बन काढून हवेत सोडून देतात. दोन आत आले, दोन गेले. ताकद मिळते, पण अंगाला काही लागत नाही. वाढायला, भिंती बांधायला कार्बनच उरत नाही."

"मग?"

"मग त्याच्याकडं एक कातरी असती. एन्झाइम. आयसोसायट्रेट लायेज नावाचं. चक्रातला एक रेणू ती नाका यायच्या आधीच कापते आणि आतल्या बोळातनं पलीकडं काढते. दोन्ही नाके चुकले. कार्बन शिल्लक राहिला. त्याच्या जिवावर तो वर्षानुवर्षं आत बसतो."

"बेणं हुशार हाय," मी म्हटलं.

"हाय ना? आणि ही कातरी म्हशीच्या अंगात नसती. माणसाच्या नसती. म्हणून सोंडी तीच शोधती. बोळ्यावर एक बनावट रेणू टाकती. कातरी असेल तर तो कापला जातो आणि चमकतो. चमकला की लाल."

"आणि ती कातरी टीबीवाल्याकडंच असती?"

"बियांत असती, बुरशीत असती, दुसऱ्या जंतूंतपण असती. पण आमचा रेणू ह्या एका घराण्याच्या कातरीलाच बसतो, असा घडवलाय."

"घराणं म्हणजे?"

"टीबीच्या जंतूची शंभरावर भावंडं हायत. मातीत, तळ्यात, चिखलात. गरीब बिचारी, बहुतेक कुणाला काय करत न्हाईत. पण ती म्हशीच्या नाकात कशाला राहतील? तिथं त्यांना खायला काय मिळणार?"

तिनं विचारलं आणि बूट घेऊन आत गेली. 

गुरुवारी सकाळी शेजारच्या इराप्पाकाकांच्या गोठ्यात गेलो. त्यांच्या सहा म्हशी. आमची आणि त्यांची पाण्याची डोण एकच, मध्ये नुसता कंबरभर कट्टा. गुलछडी त्यांच्या चंद्रीच्या तोंडाला तोंड लावून पाणी पिते, रोज.

सहाच्या सहा हिरव्या.

"काका, तुमच्याकडं एकपण लाल न्हाई?"

"न्हाई बा. आमच्यावर द्येव दया करतोय. आईबी नेली, म्हशी तेवढ्या ठिवल्या." त्यांची आई श्रावणात गेली. वर्ष होईपर्यंत त्यांच्या घरात सण नाही. म्हशी भादरल्या नव्हत्या, शिंगं रंगवली नव्हती, अंगावर धूळ तशीच.

मी आमच्या गोठ्यात परत आलो. आण्णांच्या दोन म्हाताऱ्या म्हशी गुलछडीच्या अंगाला अंग लावून बांधलेल्या असतात. त्या दोघी हिरव्या. मग मी गल्लीभर फिरलो. बाकी प्रत्येक घरात तीन, चार, पाच म्हशी, आणि प्रत्येक घरात लाल फक्त एक. जी पळणार ती.

पळत आक्काच्या गाडीकडं गेलो. ती सोंडीची नळी धूत होती.

"अकराच्या अकरा पळणाऱ्या हायत!"

"माहीत आहे."

"माहीत हाय? आणि गप बसलीस?"

"स्वरे, पळायची प्रॅक्टिस करून जनावर दमतं. दमलं की आत झोपलेला टीबी उठतो. साहेब तेच म्हणाले."

"मग गुलछडीच्या तोंडाला तोंड लावून पिणारी चंद्री हिरवी कशी? म्हाताऱ्या हिरव्या कशा? आधी त्यांनाच व्हायला पायजे."

आक्कानं नळी खाली ठेवली. ती चिडली. "तू डॉक्टर हायस काय? नववी तरी पुरी केलीस?"

"डोळं तर हायत न्हवं मला!"

तिची गालफडं पिळावीत असं वाटत होतं. पण तेवढ्यात माझं लक्ष माझ्याच हाताकडं गेलं. कोपरापर्यंत काळा, चिकट. नवरात्रापासून हात असाच आहे.

आमच्या गल्लीत नवरात्र संपलं की पळणाऱ्या म्हशी वस्तऱ्यानं भादरतात आणि मग रोज सकाळी तेल. शेंगदाण्याचं तेल, त्यात काजळी. म्हैस आरशासारखी चमकली पाहिजे. शेवटचा हात नाकावर, पार नाकपुडीच्या आतपर्यंत, कारण फोटो नाकाचाच येतो. दुपारी चिखलात डुंबवून आणायची, दुसऱ्या दिवशी परत तेल. आणि तेल लावायचं ते मानाच्या फडक्यानं. गेल्या साली ज्याची म्हैस पहिली आली त्याच्या घरचं फडकं असतं ते. सकाळी उठून अकरा घरं फिरतं. ते धुवायचं नसतं. धुतलं की मान गेला.

ह्या वर्षी फडकं माझं होतं.

मी गोठ्यातनं ते घेऊन आलो आणि आक्काच्या टेबलावर टाकलं. वास असा सुटला की आक्का खुर्चीसकट मागं सरकली.

"ई! हे काय?"

"पेशंट."

"स्वरे!"

"तू म्हणालीस ना, तिथं खायला काय मिळणार? हे मिळतंय. वीस दिवस तेलाचं जेवण वाढलंय मी. सोंडीला हुंगू दे."

"मशीनला जनावराचा नंबर लागतो. फडक्याला कुठला देऊ?"

"गुलछडीचा दे. तिला अजून काय लाल व्हायचं ऱ्हायलंय?"

आक्कानं डोक्याला हात लावला. मग हातमोजे घातले, बोळा फडक्यावर फिरवला, सोंडीच्या पोटात सारला.

वीस मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. त्याच्यावर इतका झगझगीत लाल मी कुठल्याच म्हशीला बघितला नव्हता. आणि सोंडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "जनावर बाधित आहे. कृपया त्याला इतर जनावरांपासून दूर बांधा."

आक्कानं फडक्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग गाडीच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. "फडक्याला टीबी! स्वरे, मी फडकं दूर बांधू कुठं!" बुधवारपासून आम्ही एकमेकींशी हसून बोललो नव्हतो. मी पण हसत सुटलो.

मग तिनं डोळे पुसले आणि फोन लावला.

सोंडीच्या आतला तो बनावट रेणू ज्यांनी बनवला त्यातल्या एक, डॉक्टर रेहाना मुल्लाणी, दुपारी दोनला आल्या. ठेंगण्या, गोल चष्मा, हातात मोठा डबा. मला वाटलं आपल्या मशीनला नावं ठेवली म्हणून भडकणार. त्यांनी फडकं चिमट्यात धरलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा! कोण म्हणालं हे तपासा?"

"मी."

"आम्ही पाचशे गोठे तपासले, बाळ. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, डोंगरात, शहरात. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरात यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही." त्या स्वतःवरच हसल्या. "चिखलातली भावंडं. त्यांना तेल म्हणजे मेजवानी. टीबीचा जंतू एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो, ह्यातली काही तीन-चार तासांत होतात. आणि चरबी खायची म्हणजे कातरी पाजळायलाच लागते."

गुलछडीच्या नाकातल्या बोळ्याचा थोडा अंश त्यांनी एका नळीत टाकला. "आता दुसरं एन्झाइम बघू. ह्यांच्यातल्या काही भावंडांना एका रसायनावरचं सल्फेट झटक्यात तोडता येतं. टीबीवाल्याला ते इतक्या लवकर जमत नाही. तुटलं की गुलाबी होईल." पूर्वी ह्याला तीन दिवस लागायचे म्हणे. त्यांच्या डब्यात ते अर्ध्या तासात झालं. गुलाबी, गुलकंदासारखं.

"म्हणजे सुटली!" मी उडी मारली.

"फडकं सुटलं. म्हैस नाही."

"आँ?"

"नाकात भावंडं आहेत, एवढं कळलं. त्यांच्या मागं फुप्फुसात खरा चोर लपलाय का, ते नाही कळलं. मशीनला दोघांचा उजेड सारखाच दिसतो." त्यांनी चष्मा काढला. "एक करता येईल. नाक साबणानं स्वच्छ धुवायचं, बारीक नळी खोल फुप्फुसापर्यंत घालायची, मिठाचं पाणी सोडून परत ओढायचं. तिथं तेल पोचत नाही. त्या पाण्यात कातरी सापडली तर ती खऱ्याचीच. पण ऐक. ह्या तपासणीचा निकाल शेवटचा असतो. लाल आला तर महिना मिळत नाही. उद्याच नेऊन इंजेक्शन. नाही केली तर उद्या बंद गोठ्यात जाईल, निदान तीस दिवस हातात राहतील. मालक कोण?"

आण्णांनी माझ्याकडं हात केला. आक्कानं पण.

 फडक्याची मला खात्री होती. फुप्फुसाची कशी असणार? आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

"गणपतीत ती खोकली होती," मी म्हटलं. "दोन दिवस. मी लपवलं. हिरवा बिल्ला जाईल म्हणून."

आण्णा एकदम वळले. 

"धूळ असेल," मॅडम म्हणाल्या. "किंवा नसेल. सांगितलंस ते चांगलं केलंस."

"त्या बंद गोठ्यात खऱ्या रोगी म्हशी असतात?"

"असतात."

"मग न झालेल्या म्हशीला तिथं तीस दिवसांत होईल की."

"होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. 

"घाला नळी," मी म्हटलं.

गुलछडी परक्या माणसाला नाकाला हात लावू देत नाही. दोन गड्यांना तिनं शिंगानं बाजूला सारलं. शेवटी मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि फटफटीचा आवाज काढायला लागलो. धग्-धग्-धग्-धग्. तिनं डोळे अर्धे मिटले, शेपूट हलवली आणि उभी राहिली. नळी आत गेली, पाणी आत गेलं, पाणी बाहेर आलं. माझ्या घशाला कोरड पडली तरी मी गाडी बंद केली नाही. गल्लीतली पोरं हसून लोळत होती.

बाकीचे दहा मालक भिंतीला टेकून बघत होते. त्यांच्यातला मल्लूदादा, ज्याची मैना गुलछडीच्या खालोखाल पळते, पहिला पुढं आला. "माजीबी घ्या. पोरगी धाडस करतीय आन् मी भिताड धरून हुबा ऱ्हाऊ?" मग सगळेच आले. अकरा म्हशींचं पाणी अकरा नळ्यांत, अकरा नळ्या सोंडीच्या पोटात. खोल पाण्यात जंतू थोडके, म्हणून दोन तास लागणार होते.

आक्का आणि मी डोणीच्या कडेवर बसलो.

"मला कालच शंका आली होती," आक्का खाली बघून म्हणाली. "अकरा एकदम म्हणजे काहीतरी चुकतंय. पण परत तपासा म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, घरची म्हस हाय म्हणून पोरगी वाकती."

"वाकायचं की मग."

"तुला सोपं वाटतं. तू लाथ घालतीस आणि मोकळी होतीस. मला उद्या त्याच दारात परत जायचं असतं."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी तिचे बूट घेतले आणि ऊन होतं तिथं नेऊन ठेवले. दुसरं काय करणार?

दिवे लावायच्या वेळेला मॅडमनी हाक मारली. पडद्यावर अकरा काळे गोल होते.  एक गोल उजळत होता. हळूहळू, विडी पेटल्यासारखा.

"कितवा?" आण्णांनी विचारलं. 

आक्कानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. "आपला पहिला, स्वरे. पहिला काळा हाय. काळा हाय!"

सातवा उजळला होता. मल्लूदादाची मैना.

माझ्या तोंडातनं ओरडणं निघालंच होतं, ते मी तळहातानं दाबलं.  मल्लूदादानं टोपी काढली, परत घातली.

"तिचं दूध मी सकाळीच बंद क्येलंय," तो म्हणाला. "घरातल्या पोरास्नी तपासा मॅडम, आधी."

"आत्ताच," मॅडम म्हणाल्या. "आणि माणसाला औषध आहे. चांगलं आहे, लवकर आहे."

मग मल्लूदादा माझ्याकडं वळला. "तू कशाला रडालीस? दहा तर वाचल्या. पळीव उद्या. माज्या वाटणीचंबी पळीव."

आक्कानं गुलछडीच्या कानातला लाल बिल्ला काढला आणि हिरवा अडकवला. गुलछडीनं तो जिभेनं चाटायचा प्रयत्न केला. मॅडमनी तिथंच बसून सगळीकडं कळवलं, की ह्यापुढं बोळा फिरवायच्या आधी नाक साबणानं धुवायचं, आणि लाल निघाला की खोल पाणी तपासल्याशिवाय म्हैस हलवायची नाही. खाली सही करताना त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं आणि आपल्या नावाच्या वर लिहिलं.

"शिक्षण काय लिहू?"

"म्हशी," मी म्हटलं. त्यांनी तेच लिहिलं.

शुक्रवारी सकाळी मल्लूदादा आला. हातात मैनेचा कवड्यांचा पट्टा, घुंगरांचा. "तिला लई हौस मिरवायची," एवढंच म्हणाला आणि गुलछडीच्या गळ्यात बांधला. बंद गोठ्याची गाडी येईपर्यंत तो मैनेजवळ बसून होता. तिला त्यानं ओवाळलं, पेढा चारला, आणि गाडीत चढवताना तिच्या कानात काहीतरी बोलला. त्याच्या दोन्ही पोरी धडधाकट निघाल्या होत्या, ते असेल.

नदीपासून कट्ट्यापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. गुलछडीचं अंग कोरडं, बिनतेलाचं, साबणाच्या वासाचं. शिंगांना गुलाबी रंग, डोक्यावर मोरपिसं. मी गाडीवर, आणि माझ्या मागं, सुट्टी टाकून, आक्का.

"हळू घे हं."

"हळू घेतली तर म्हस अंगावर चढंल."

मी बटण दाबलं. स्पीकर धडधडला. "गुलछडेऽऽ! चल!"

घुंगरं एकदम वाजली आणि माझ्या मागं जमीन थरथरायला लागली. लोक ओरडत होते, गुलाल उडत होता, आक्का माझ्या कानात किंचाळत होती आणि ते किंचाळणं भीतीचं नव्हतं. ह्या खेळात म्हैस मालकाच्या मागं राहते. पुढं कधी जात नाही, तेच तिचं इमान, त्यालाच टाळ्या. निम्मा रस्ता झाला तेव्हा माझ्या उजव्या दंडाला गरम फुत्कार लागला. मग शिंगाचं टोक दिसलं. मग कवड्या. मग अख्खी गुलछडी माझ्या बाजूनं, माझ्याकडं न बघता, पुढं निघून गेली.

"फुप्फुसं बघा तिची! फुप्फुसं!" गर्दीतनं मुल्लाणी मॅडम चष्मा सांभाळत ओरडल्या.

"स्वरे, अगं पीळ की गाडी!"

"सगळी पिळलीय! एवढीच पळती ही!"

मी ब्रेक मारला, हँडल आक्काच्या हातात कोंबलं, चपला भिरकावल्या आणि अनवाणी तिच्या मागं पळत सुटलो. सगळा रस्ता खदाखदा हसत होता. "मालक कुठली रं ह्यातली?" कुणीतरी ओरडलं. "पुढची, पुढची!" पोरांनी उत्तर दिलं.

"गुलछडे! थांब की गं, बेणे!"

थांबती कशाला.